अख्खा दाणा

मल्लव्वा : टेम्पोचा फाळका पाड, कासीम, आणि खोकी चढवायला लाग. हिचं ऐकत बसलास तर हॉस्टेलच्या पोरी कोरडी भाकरी खातील.

अक्षता : कासीमभाई, एकही खोकं हलवू नका. अत्ती, मी अर्धा तास मागितलाय. दिवस नाही मागितला.

(सोलापुरात बाळीवेशीला मल्लव्वाचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागं भट्टी आणि चटणी कुटायचा डंक. शेंगाचटणीच्या चवीत आपला हात कुणी धरायचा न्हाय, असं मल्लव्वा स्वतःच सांगते, आणि दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत न्हाय. सून अक्षता, सासूला कानडीत अत्ती म्हणणारी, चिंचोळीच्या लॅबात नोकरीला; आज रजा टाकून दुकानाच्या टेबलावर बाटल्या मांडून बसलीय. होटगीचा कासीम शेंगा फोडून दाणे घेऊन येतो आणि जाताना चटणीची खोकी पोचवतो. तो चौकटीत उभा हाय, आणि दोघींतल्या कुणाचं ऐकावं हे त्याला कळंना झालंय.)

मल्लव्वा : अर्ध्या तासात माझी सासू पायलीभर दाणे भाजून, चोळून, पाखडून मोकळी व्हायची. आणि तू काय करतीस, तर बाटलीत चटणी घालून हलवतीस.

अक्षता : हलवून झाली. आता गाळायची.

मल्लव्वा : गाळ. चटणीचा चहा कर. बघ रे कासीम, सोळा वर्षं शिकली ही. फी भरून शिकली. आणि शेवटाला चटणीचा चहा करायला लागली.

कासीम : काकू, वैनी बोलतीय तर होऊन जाऊ दे की. बाराच्या आत पोचलो म्हणजे झालं.

मल्लव्वा : तू मधी पडू नको. तुला हिनं फितवलाय ते मला ठावं हाय. परवा फोनवर तुला सांगत व्हती, गोण्या पाटावर ठेवा, भिंतीला टेकवू नका. गोण्या हायत का नवरदेव हायत, पाटावर बसवायला?

अक्षता : भिंतीची ओल धरते म्हणून म्हणाले.

मल्लव्वा : ओल. हिला लगीन होऊन आल्यापास्नं सगळीकडं ओल दिसती. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात माझ्या लोणच्याच्या बरणीत कागद बुडवला हिनं. माझा सोमशेखर हसत बसला बाजूला. बायको करती ते सगळं त्याला कौतुकाचं.

कासीम : पण वैनी, नेमकं बघता काय तुमी? दाणा तर चांगला दिसतोय.

अक्षता : दिसतोच चांगला, कासीमभाई. दाण्याला ओल लागली की एक बुरशी धरते, हिरवट-पिवळी. ती बुरशी तुम्ही पुसलीत, उन्हात घातलीत, भाजून मारलीत, तरी जाताना मागं विष ठेवून जाते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. वास नाही, रंग नाही. आज खाल्लं म्हणून उद्या कुणाचं पोटसुद्धा दुखत नाही. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं गेलं, की मग यकृत धरतं. कॅन्सरपर्यंत जातं.

मल्लव्वा : नाव तरी बघा. म्हणायलाच चार श्वास लागतात. आमच्या गल्लीत गुटखा खाऊन गेलेली माणसं मोजून दाखवते, दारू पिऊन गेलेली दाखवते. माझी चटणी खाऊन गेलेला एक दाखव मला.

अक्षता : कसा दाखवू? माणूस वीस वर्षांनी जातो. तो कशानं गेला हे कोण सांगणार?

मल्लव्वा : मग जो दाखवता येत न्हाय त्याचं भ्या मला कशाला घालतीस? भुताची गोष्ट सांगणारी माणसं बी असंच बोलतात.

अक्षता : अत्ती, हॉस्टेलात तीनशे वीस मुली आहेत. दुकानातलं गिऱ्हाईक महिन्याला एखादा पुडा नेतं, चवीपुरती खातं. त्या मुलींच्या ताटात रोज सकाळी भाकरी आणि आपली चटणी. दुसरं काही नसतंच. चार-चार, पाच-पाच वर्षं राहतात तिथं. म्हणून दुसरा कुठलाही माल तपासू नका, हा तपासू द्या, एवढंच म्हणते मी.

मल्लव्वा : आणि एकतीस वर्षं मी काय केलं? डोळे झाकून वाटली का चटणी? दर गोणीतले दहा दाणे मी माझ्या दातानं चावते. कडवट लागला की गोणी गेली माघारी. व्यापारी हात जोडतात, काकू, एकदा घ्या. मी म्हणते, तुझ्या घरी ने आणि तुझ्या पोरांना घाल. माझ्या जिभेला आजपातूर कुणी फसवलं न्हाय.

अक्षता : जीभ चांगलीच आहे तुमची. पण गोणीत दाणे किती असतात? तुम्ही दहा चावता. उरलेल्यात दोन-चार वाईट निघाले आणि ते डंकात पडले, तर सगळ्या चटणीत मिसळतात. आणि विष कडू लागतंच असं कुठाय?

मल्लव्वा : आणि तुझी बाटली काय गोणी पिऊन बघतीय का? तू बी चमचाभरच घेतलीस की.

अक्षता : वीस खोक्यांतून थोडी थोडी काढली, एकत्र कालवली, त्यातली घेतली.

मल्लव्वा : वीस खोकी फोडलीस? माझी चिकटपट्टी लावलेली?

अक्षता : परत लावली.

मल्लव्वा : बघितलंस कासीम? घरात चोर असा असतो. फोडतो आणि परत लावून बी ठेवतो.

कासीम : वैनी, ते काय काढलं पिशवीतनं?

अक्षता : ही पट्टी. ह्याच्यावर आता तीन थेंब टाकायचे आणि थांबायचं.

मल्लव्वा : यव्वा. ही तर बायकांची पट्टी. तुझ्या नणंदेनं आणली व्हती की दवाखान्यातनं. चटणीला दिवस गेलेत का बघतीस व्हय?

अक्षता : दिसायला तशीच आहे. पण हिच्यात दोन रेघा उमटल्या तर माल चांगला. एकच उमटली तर वाईट.

मल्लव्वा : म्हंजे सगळं उफराटं. चांगल्याला दोन आणि वाईटाला एक. ज्यानं केली त्यालाच कळंना झालं आसंल.

कासीम : दोनच येतील, वैनी. माझ्या हातचे दाणे हायत. अख्खे, टपोरे, एकसारखे. मार्केटमधी असा दाणा दाखवा म्हणावं.

मल्लव्वा : येतीलच. आणि आल्या की मी सांगते काय व्हायचं ते. हिनं पदर खोचून सगळी खोकी एकटीनं चढवायची. तू हात लावायचा न्हाय. आणि ही पट्टी मी दुकानाच्या दारात टांगणार, लिंबू-मिरची काढून. आलेल्या-गेलेल्याला सांगणार, ही माझ्या सुनंची विद्या.

अक्षता : कबूल. आणि एकच आली तर?

मल्लव्वा : न्हाय येत.

अक्षता : आली तर?

मल्लव्वा : तर गाडी हालायची न्हाय. झालं? शबुद दिला. आता सुम्मनिरु, गप बस आणि रेघा मोज.

कासीम : एक उमटली. हौ, उमटली बघा, लाल.

अक्षता : ती वरची. ती येणारच. पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. खालची यायला पाहिजे.

मल्लव्वा : येतीय. तिला काय पंख हायत? चटणीत तेल किती सुटलंय, तेलातनं वाट काढत यायची ती.

कासीम : पाच मिनटं झाली.

मल्लव्वा : तुला कुणी घड्याळ बघायला सांगितलं?

अक्षता : दहापर्यंत थांबू आपण. मलाही घाई नाही.

मल्लव्वा : चष्मा दे माझा. हा बघ. हाय की. बारीकशी हाय, केसासारखी.

अक्षता : कुठं?

मल्लव्वा : ही काय, हितं.

अक्षता : ती तुमच्या नखाची सावली आहे, अत्ती. बोट काढा.

कासीम : दहा झाली.

अक्षता : एकच आहे.

मल्लव्वा : पट्टी जुनी आसंल. सरकारी माल.

अक्षता : सरकारी नाही, आणि जुनीही नाही. पाकिटावर तारीख आहे, वाचा.

मल्लव्वा : मग मिरची आसंल. व्हय, मिरचीच. ह्या वक्ताला तिखट त्या नव्या माणसाकडनं घेतलं. तोंडावरनंच लबाड दिसत व्हता. मिरचीला बी धरतं ना तुझं ते विष?

अक्षता : धरतं. म्हणून सकाळीच तिखटाची वेगळी पट्टी टाकली होती. ही बघा. दोन रेघा, स्वच्छ.

मल्लव्वा : सकाळीच?

अक्षता : आणि दाण्यांची वेगळी टाकली. न भाजलेल्या, काल कासीमभाईंनी उतरवलेल्या गोणीतल्या. ह्याच चटणीचे दाणे ज्या खेपेतले, त्याच खेपेतली ती गोणी. ही ती पट्टी.

कासीम : एकच.

अक्षता : एकच. दोन्ही पट्ट्या तुमच्यासमोर ठेवल्या असत्या सकाळीच, तर तुम्ही म्हणाला असता, माझ्या पाठीमागं काहीतरी केलं. म्हणून चटणीची तुमच्यासमोर केली.

मल्लव्वा : कासीम.

कासीम : जी, काकू.

मल्लव्वा : कुटनं आणलास हा माल?

कासीम : नेहमीच्या माणसाकडनं. मंद्रूपच्या गुरुबसप्पाकडनं. शेंगा कडकडीत वाळलेल्या होत्या. मूठभर घेऊन हलवल्या की खुळखुळ वाजायच्या. मी स्वतः हलवून घेतल्या.

मल्लव्वा : वाजत व्हत्या, तर बुरशी काय आभाळातनं पडली? गुरुबसप्पानं गंडवलं तुला. आणि तू बावळटासारखा खुळखुळा वाजवत बसलास.

अक्षता : त्यांचं एक पोतं टेम्पोत आहे ना, न फोडलेलं? मघाशी बघितलं मी.

कासीम : हौ. मशीनचा पट्टा तुटला म्हणून ढिगात ओतायचंच राहिलं ते.

अक्षता : त्यातल्या चार मुठी आणा. इथं हातानं सोलू. हे छोटं यंत्र दाण्यातली ओल सांगतं, लगेच. आधी गोणीतल्या दाण्यांची सांगते. साडेदहा टक्के. आठच्या आत पाहिजे. आता शेंगेतले दाणे घाला ह्यात.

कासीम : घातले.

अक्षता : साडेसहा. वाचा अत्ती, आकडाच आहे, मी नाही म्हणत. गुरुबसप्पांकडून शेंग साडेसहानं निघाली. आपल्याकडं दाणा साडेदहानं आला. मधे काय झालं, कासीमभाई?

मल्लव्वा : बोल की.

कासीम : पाणी मारतो.

मल्लव्वा : काय मारतोस?

कासीम : पाणी. फोडायच्या आदल्या दिवशी शेंगांच्या ढिगाला झारीनं पाणी मारतो, वर ताडपत्री घालतो. टरफल नरम पडतं, दाणा पण जरा फुगतो. मग मशीनमधनं अख्खा बाहेर येतो. कोरडी शेंग घातली तर निम्म्या दाण्यांच्या फाका होतात. सगळे मारतात पाणी, काकू. मी एकटा न्हाय.

अक्षता : आणि फोडल्यावर वाळवता?

कासीम : वरवर. मग गोणीत भरतो. ही खेप तीन आठवडे पत्र्याखाली पडून होती.

मल्लव्वा : सगळे मारतात म्हणून तू बी मारतोस. अक्कल काय टेम्पोबरोबर भाड्यानं दिलीस का? तुझा बाप चाळीस वर्षं शेंगा फोडत व्हता. तो मारायचा का पाणी?

कासीम : न्हाय. अब्बा कोरडंच फोडायचे.

मल्लव्वा : मग तुला काय धाड भरली?

कासीम : तुमी सांगितलं.

मल्लव्वा : मी? मी सांगितलं तुला शेंगांवर पाणी मार म्हणून?

कासीम : तसं न्हाय सांगितलं. आठ वर्षं झाली, काकू. अब्बा शेवटची गोणी घेऊन आले होते हितं, ह्याच दारात. तुमी परातीत ओतली. बोटानं फाका बाजूला काढल्या. चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणालात, हा दाणा हाय का कोंबड्यांचा चुरा हाय. गोणी परत दिली. मी टेम्पो लांब चौकात लावला होता. अब्बा खांद्यावर गोणी घेऊन सगळ्या बाळीवेशीतनं चालत आले. घरी जाऊन एवढंच म्हणाले, त्या बाईला अख्खा दाणा पाहिजे, काय पण कर आणि दे. मी केलं.

मल्लव्वा : मग? फुटका दाणा मी दारात मांडू? लोक परात बघून आत येतात. परातीत एक फाक दिसू देत न्हाय मी. ह्या गल्लीत चटणीची सात दुकानं हायत, दाणा बघायला माणसं माझ्याच दारात थांबतात. हात घालून बघतात, मूठ भरून बघतात. मोती हायत म्हणतात.

अक्षता : अत्ती, एक विचारू?

मल्लव्वा : इचार. आज तुझाच दिवस हाय.

अक्षता : तो अख्खा दाणा घेऊन आपण काय करतो?

मल्लव्वा : काय करतो म्हंजे? भाजतो.

अक्षता : मग?

मल्लव्वा : मग चोळून साल काढतो. पाखडतो.

अक्षता : मग?

मल्लव्वा : मग…

कासीम : राहू द्या, वैनी.

मल्लव्वा : तू गप. तिनं इचारलंय, मी सांगते. मग डंकात घालून कुटतो. तेल सुटेस्तोवर कुटतो. झालं? आता हास.

अक्षता : मी हसत नाहीये.

मल्लव्वा : का? मी तर इतका वेळ हसत व्हते तुला. चटणीचा चहा म्हणाले, चोर म्हणाले. आता तू म्हण की. म्हण, म्हातारीला फाक लांबनं दिसली, आणि बुरशी तोंडात धरून बी कळली न्हाय. कुटायच्या दाण्याचा तोरा मिरवणारी बाई सगळ्या सोलापुरात एकच, आणि ती तुझ्याच नशिबी आली. मोती म्हणं. मोती कुटून खायला घालत व्हते लोकांना.

कासीम : चूक माझी पण हाय, काकू. मी सांगायला पाहिजे होतं.

मल्लव्वा : सांगितलं असतंस तर मी काय म्हणाले असते? मार पाणी, पर दाणा अख्खा आण, असंच म्हणाले असते. मला मी ठावं हाय. तुझ्या बापाला माझ्यापेक्षा जास्ती कळत व्हतं, आणि मी त्याला माघारी पाठवलं.

अक्षता : अत्ती, पाणी प्या थोडं.

मल्लव्वा : नको. मला हे सांग. मागली आठ वर्षं?

अक्षता : मागलं तपासलेलं नाही. पाणी मारलं म्हणजे दर वेळी बुरशी येतेच असं नाही. लवकर वाळला, लवकर कुटला गेला, तर काही खेपा चांगल्या निघाल्या असतील.

मल्लव्वा : हे खरं सांगतीस का माझी समजूत घालतीस?

अक्षता : दोन्ही.

मल्लव्वा : बरं. एवढं तरी शिकवलं तुला शाळेत.

कासीम : खोक्यांचं काय करायचं आता? आमच्या तिकडं असला माल म्हशीला घालतात, पेंडीत मिसळून.

अक्षता : नको. म्हशीच्या पोटातून दुधात उतरतं ते.

मल्लव्वा : म्हंजे पोरींच्या ताटातनं काढायचं आणि पोरींच्या चहात घालायचं. शाबास कासीम. जाळायची सोय बी न्हाय, एवढं तिखट भट्टीत घातलं तर सगळी बाळीवेस खोकून उठंल. मागं परसात खड्डा मार, खोल मार. दुकानातले पुडे बी काढ. कपाटातले, काउंटरवरचे, सगळे. माझ्या सैपाकघरातली बरणी बी आण. आणि ह्याच्या पुढं शेंग कोरडी फोडायची. फाका आण, चुरा आण. मी काय बोलले तर मला तोंडावर सांग, काकू, तुमी कुटणारच हायसा.

कासीम : सांगतो.

मल्लव्वा : आणि अक्षता, गोणी दारात उतरायच्या आधी तुझ्या त्या यंत्रात घालायची. मी चावायच्या आधी. पट्टी बी लाव. मी चावणार, ते मी सोडत न्हाय.

अक्षता : चावा की. दात तुमचे आहेत.

कासीम : मग हॉस्टेलला मी कळवतो. टेम्पो पंक्चर झाला म्हणून सांगतो. दोन-चार दिवस निभावतील.

मल्लव्वा : पंक्चर. आठ वर्षं पाणी मारलंस, अजून पोट भरलं न्हाय का तुझं? फोन लाव आणि हिकडं दे. मी बोलते.

अक्षता : अत्ती, मी बोलू का? मला नीट सांगता येईल.

मल्लव्वा : नीट सांगायचंच न्हाय, खरं सांगायचंय. दे हिकडं. हॅलो. कोण, रेक्टरबाई का? मी मल्लव्वा, बाळीवेशीची, चटणीची. … बरी हाय. आज माल येत न्हाय, बाई. … न्हाय, टेम्पो दारातच उभा हाय. माल वाईट निघाला. … माझ्याकडनंच वाईट निघाला, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं न्हाय ह्यात. … न्हाय, खवट न्हाय. वास चांगलाच हाय, चव बी चांगली हाय, तुमाला कळायचं न्हाय. मला बी कळलं न्हाय. माझ्या सुनंनं पट्टी लावली तवा कळलं. ती सांगंल तुमाला सगळं, नंतर. आधी माझं ऐका. मागल्या महिन्यात सोळा खोकी दिली व्हती तुमाला. त्यातली आता एक चमचा बी वाढू नका. हायत तशी बांधून ठेवा, कासीम न्यायला येतोय. … काय? … सगळी संपली? … कवा? … व्हय, बाई. पोरींना लई आवडती, ठावं हाय मला.